तोरणाखालची टिंगल

वाशीम जिल्ह्यातल्या शिरपूर जैनच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाची कथा मागे वळून पाहण्याची आहे. एलिचपूरचा राजा मूर्ती गाडीत घालून निघाला. मागे बघायचे नाही अशी अट होती, पण वाटेत शंका आली आणि त्याने मान वळवली. गाडी पुढे निघून गेली, मूर्ती होती तिथेच अधांतरी राहिली. भाविक आणखीही सांगतात की पूर्वी मूर्तीखालून घोडेस्वार जात असे, आता कापड तेवढे सरकते. यातला भक्तीचा भाग भक्तांकडे ठेवू. मला कान टवकारायला लावते ती बोलण्याची चाल: पूर्वी असे, आता असे. मालेगाव-रिसोड पट्ट्यातल्या कोणत्याही पारावर जाऊन बसा, माणसे याच चालीवर बोलतात. पूर्वी घरोघरी ज्वारीच्या कणग्या, आता पुड्यातले पीठ. पूर्वी सोयरीक जुळवताना गोठ्यातले बैल मोजत, आता पोराची नोकरी विचारतात. आणि हे सगळे कण्हत नव्हे, हसत सांगतात.

मान मागे वळवून हसणाऱ्या माणसाचा पक्षाशी संबंध थोडाच असतो. पिढ्यान्‌पिढ्या पंजावर शिक्का मारलेला आजोबा आणि शाखेत जाणारा नातू या बाबतीत एका सतरंजीवर बसतात. नवे काही आले की ते जुन्या मापाने मोजायचे, कमी भरले की टाळी घ्यायची, हा त्यांचा सामाईक धंदा. शहरात या धंद्याला वर्तमानपत्राचा स्तंभ मिळाला. वऱ्हाडात त्याला हक्काची जागा वर्षातून एकदाच मिळते, पोळ्याच्या तोरणाखाली. तिथे जे म्हणतात त्याला झडती म्हणतात.

ज्यांनी पोळा फक्त मोबाइलवर पाहिला त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो. आदल्या दिवशी बैलांचे खांदे तुपा-हळदीने चोळतात आणि ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायले या’ म्हणून त्यांना आमंत्रण देतात. श्रावणी अमावास्येला दुपारी आंघोळी, शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घागरमाळा. उन्हे कलली की आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली जोड्या ओळीने उभ्या राहतात. मानाची जोडी यायची बाकी असते. बैल अस्वस्थ, पोरे त्याहून अस्वस्थ. हा मधला रिकामा वेळ झडतीचा. गर्दीतून कोणी तरी हात वर करतो, नरड्याच्या शिरा ताणून चार-सहा यमकी ओळी फेकतो आणि महादेवाच्या नावाने शेवट करतो. ‘हर हर महादेव’चा गजर सगळा पोळा करतो, ज्याची टिंगल झाली तोसुद्धा. समोरच्या बाजूने उत्तर येते. मग मानाची जोडी येते, तोरण तुटते आणि बैल घरोघरी पूजेला आणि त्यांचा धनी किंवा सालदार बोजाऱ्याला, म्हणजे ओवाळणीला, निघतो.

एका झडतीला लागते अर्धे मिनिट. एवढ्यात तिला किती अंतर कापायचे असते बघा. जुन्या झडत्या बऱ्याचदा कैलासावरून निघतात. तिथे महादेवाला पैशाची चणचण असते आणि पार्वतीच्या लुगड्याला गाठी मारलेल्या असतात. म्हणजे देवच कोरडवाहू. तिथून उडी थेट गावात: सावकाराचे व्याज, पाटलाचा रुबाब, व्यापाऱ्याचा काटा. मग कधी सरकार. मूळ ओळी इथे देत नाही. घडण कळावी म्हणून माझीच एक ओबडधोबड जुळवणी:

वावरात सोयाबीन, धुऱ्यावर तूर,
भावाचा कागद आला, भाव राह्यला दूर;
बैल इकून पोरानं आनली गाडी,
हप्त्यापायी बापाची गहान पडली माडी;
मंत्र्याच्या गाडीचा हप्ता कोन भरते?
इचारा त्या वावराले, जे दरसाल सरते!
हर बोला, हर हर महादेव!

यमके साधीच आहेत, ती तशीच असावी लागतात. गोंगाटात शेवटचा शब्दच तेवढा ऐकू जातो. पाहायचे ते मधल्या दोन ओळींकडे. मंत्र्यापर्यंत पोचण्याआधी झडती स्वतःच्या घरातून जाते. पोराने बैल विकले, बापाने माडी गहाण टाकली, ही टिंगल म्हणणाऱ्याच्या अंगावर आधी शेकते. झडतीचा कस इथे लागतो असे माझे मत आहे. जो स्वतःच्या गोठ्यातून निघाला, त्याने मंत्रालयापर्यंत खुशाल जावे. जो थेट मंत्रालयात उतरला तो झडती म्हणत नाही, घोषणा देतो.

हा निकष वऱ्हाडाबाहेरच्या परंपरावादी विनोदालाही लावून बघण्यासारखा आहे. १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सुरू झाली. लोकहितवादींची आणि जोतीराव फुल्यांची त्यांनी उडवलेली खिल्ली मराठी गद्याचा नमुना म्हणून पिढ्यांनी वाचली. भाषा तालेवार, उपरोध धारदार. पण शास्त्रीबुवा स्वतःच्या वाड्यातून एकदाही बाहेर निघालेले दिसत नाहीत. तिथे सगळे ठीकच आहे, बिघाड समोरच्याच्या व्याकरणात. १८८६ च्या सुमारास ना. बा. कानिटकरांच्या ‘तरुणीशिक्षणनाटिके’ने शिकलेल्या बायकांना धारेवर धरले. प्रेक्षक पोटभर हसले असतील. आज ते नाटक इतिहासाच्या पुस्तकातल्या एका वाक्यापुरते उरले आहे, आणि ज्या मुलींवर ते रचले त्यांच्या पणत्या तो इतिहास शिकवतात.

वऱ्हाडाने याला दिलेले उत्तर जास्त कावेबाज होते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी अकोला, खामगाव, जळगाव जामोद इथल्या कोर्टांत वकिली केली. १९०२ मध्ये त्यांचा ‘साक्षीदार’ हा लेख आला, आणि पुढे ‘सुदाम्याचे पोहे’. कोल्हटकर पक्के सुधारक. पण त्यांनी सुधारकाच्या तोंडून एकही व्याख्यान दिले नाही. सुदामा, बंडूनाना, पांडुतात्या हे तिघे जुन्या चालीरीतींची इतक्या निष्ठेने आणि इतक्या काटेकोर तर्काने बाजू घेतात की वाचक हसता हसता बाजू बदलतो. गंमत अशी की मराठीतला सगळ्यात जिवंत सनातनी एका सुधारकाने लिहिला. का जमले त्यांना? सुदामा दुसऱ्यावर हसायला निघतो आणि दर वेळी स्वतःच सापडतो, म्हणून. आपल्या पोळ्यातल्या झडतीकाराला हे तंत्र कोणी शिकवले नाही, पण त्याच्याकडे ते होते.

झडतीचे दुसरे नाते नागपूरच्या मारबतीशी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी आणि पिवळी मारबत हे दोन मोठे पुतळे निघतात. काळीची परंपरा १८८१ पासूनची, पिवळीची १८८५ पासूनची. काळीचा संबंध इंग्रजांना सामील झाल्याचा ठपका असलेल्या भोसले घराण्यातल्या बाकाबाईशी जोडतात. सोबत निघणारे बडगे म्हणजे त्या वर्षीच्या बातम्यांचे पुतळेच: महागाई, भ्रष्टाचार, परदेशातला एखादा नकोसा पुढारी, गावातली एखादी रोगराई. ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत सगळे शिवेबाहेर नेऊन जाळायचे. मारबत मोठी, देखणी, आणि अलीकडे प्रवाशांनी गजबजलेली. कला म्हणून मात्र मला ती झडतीपेक्षा उणी वाटते. तिच्यात इडापीडा नेहमी बाहेरून आलेली असते. बाहेर नेऊन जाळली की गाव चोख. झडतीला अशी सोय नाही. ज्याच्यावर हसलो तो संध्याकाळी आपल्याच दारात बैल घेऊन येणार आणि त्याच्या हातावर बोजारा ठेवावा लागणार.

रंगमंचावर आणि कागदावर वऱ्हाडी विनोद गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत बराच फळला. शंकर बडे यांचा ‘बॅरिस्टर गुलब्या’, मिर्झा रफी अहमद बेग यांची ‘मिर्झा एक्सप्रेस’, आणि पुरुषोत्तम बोरकरांची ‘मेड इन इंडिया’ ही कादंबरी. बोरकरांचा पंजाबराव गरसोळीकर पाटील हा झडतीचा थोरला भाऊ म्हणावा असा. जुन्या पाटीलकीचा ताठा आणि नव्या इंग्रजीचा सोस एकाच तोंडात कोंबलेला, त्यामुळे त्याचे प्रत्येक वाक्य त्याच्याच पायात घुटमळते. मिर्झांनी शेतीवर बोलताना कास्तकाराच्या आळसालाही सोडले नाही, म्हणून कास्तकार त्यांच्या कार्यक्रमाला गाड्या जुंपून गेले. पुण्या-मुंबईच्या दैनिकांत ‘तंबी दुराई’ आणि ‘ब्रिटिश नंदी’ या टोपणनावांनी राजकारणाची हजेरी घेतली गेली. त्याआधी १९६० पासून ‘मार्मिक’ची व्यंगचित्रे होती. ‘मार्मिक’चा कुंचला अस्सल परंपरावादी ठसक्याचा, रेषा पहिल्या प्रतीची. पुढे त्याच कुंचल्यामागे सत्ता आली आणि व्यंगचित्रकार स्वतःच व्यंगचित्रांचा विषय झाला. त्या कहाणीला स्वतंत्र लेख लागेल.

आता झडतीची आजची तब्येत. बैल कमी झाले हे उघड आहे. काही गावांत ट्रॅक्टरांना हार घालून तोरणाखाली आणतात. मला त्यात वाईट वाटण्यासारखे काही दिसत नाही, ट्रॅक्टरच्या हप्त्यावर बैलापेक्षा चांगली झडती होते. दुखणे दुसरीकडे आहे. पोळ्याच्या आठ दिवस आधीपासून व्हॉट्सॲपवर तयार झडत्यांचे पुडके फिरू लागते. तीच झडती भंडाऱ्यात, तीच बुलढाण्यात, तीच आपल्याकडे. गावाचे नाव घालायची जागासुद्धा मोकळी सोडलेली नसते. दुसरे म्हणजे बक्षिसे. उत्कृष्ट जोडी, उत्कृष्ट सजावट, उत्कृष्ट झडती. बक्षीस देणारा ज्या पक्षाचा, त्याच्या विरोधी पक्षाचाच मंत्री झडतीत येतो. परीक्षक खुर्चीत बसलेले, माइक हातात, मागे पुढाऱ्याचा फलक. पूर्वी पाटलावर झडती म्हटली जाई तेव्हा पाटील जोडी धरून चार हातांवर उभा असे. म्हणणाऱ्याला उद्या त्याच्याकडेच उसनवारीला जायचे असे. ती जोखीम होती, म्हणून शब्द तोलून यायचा. मुंबईतल्या मुख्यमंत्र्यावर शिरपुरातून झडती टाकायला काय लागते? मुख्यमंत्र्याला ऐकू जात नाही आणि टाकणाऱ्याचे काही जात नाही.

२०२२ चा पोळा आठवा. जूनमध्ये बंडखोर आमदार सुरतेहून गुवाहाटीला गेले, तिथल्या झाडी-डोंगराचे कौतुक फोनवरून महाराष्ट्रभर पोचले, ऑगस्टच्या अधिवेशनात विधान भवनाच्या पायऱ्यांवर खोक्यांची घोषणा झाली आणि त्याच महिन्यात पोळा आला. बैलांच्या पाठीवर ती घोषणा रंगवल्याची छायाचित्रे सगळीकडे झळकली. लोक म्हणाले, झडती जिवंत आहे. मला ते पटले नाही. घोषणा पायऱ्यांवर तयार झाली, बैलाने ती फक्त वाहिली. त्यात गावाने भर घातली असती तर गोष्ट वेगळी. ग्रामपंचायतीच्या सरपंचपदासाठी त्याआधीच्या खेपेला कोणत्या सदस्यांना कोणत्या देवस्थानाच्या सहलीवर ठेवले होते, हे प्रत्येक गावाला ठाऊक होते. गुवाहाटी दूर होती, आपली सहल जवळची होती. ती झडती मात्र कोणी म्हटली नाही.

२०२५ चे उदाहरण जास्त बोलके आहे. जुलैमध्ये विधान परिषदेतला एक व्हिडिओ फिरला. त्यात कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या मोबाइलवर रमीचा डाव दिसत होता. आपण खेळत नव्हतो, आलेली जाहिरात बंद करत होतो, असे त्यांनी सांगितले. महिना सरायच्या आत कृषी खाते गेले आणि क्रीडा खाते आले. पोळा होता २२ ऑगस्टला. एवढी आयती बातमी हातात आल्यावर काय झाले? पत्त्यांवरच्या कोट्या. खेळाडूला खेळाचे खाते, ही कोटी तर इतक्या तोंडांतून गेली की तिची धार गेली. विनोदी लेखक मंडळी म्हणू लागली की बातमीच विनोदी झाल्यावर आम्ही काय लिहायचे. ही तक्रार आळशी आहे. बातमी विनोदी असली तरी तिला घर नसते. धुऱ्यावर बसून हाच डाव मोबाइलवर मांडणारी पोरे आपल्या गावात आहेत, डवरणीचे दिवस निघून जातात, बापाच्या खात्यातून पैसे निघून जातात, आणि तेच पोरगे संध्याकाळी मंत्र्याचा व्हिडिओ पुढे ढकलते. जुन्या माणसाची तिरकी नजर या दोघांवर एकदम पडली असती. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव ५३२८ रुपये जाहीर झालेला होता, आणि एक रुपयातला पीक विमा, जो २०२३ मध्ये गाजावाजा करून आला होता, तोही बंद झाला होता. मंत्री, पोरगे, भाव, विमा. चार पत्ते हातात असून डाव लागला नाही.

परंपरावादी विनोदावर लिहिताना तो कशावर हसत नाही हेही बघावे लागते. शिरपूरच्या पार्श्वनाथ मंदिराचा दिगंबर-श्वेतांबर वाद म्हणजे विचित्र बातमीची खाणच. १९०५ मध्ये पूजेचे वेळापत्रक ठरले, पाच वर्षांनी अकोल्याच्या कोर्टात दावा गेला, १९२९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला, तरी भांडण उरलेच. १९८१ मध्ये मंदिराला कुलूप लागले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ मध्ये ते निघाले. साहेबाचे राज्य आले नि गेले, वाशीम अकोल्यातून फुटून १९९८ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला, दाव्याची तारीख पडतच राहिली. कोल्हटकरांसारख्या वकिलाला यात आयुष्यभराचे पोहे मिळाले असते. पण यावरची झडती माझ्या कानावर कधी आली नाही. भीतीने नसेल. यात्रेकरूंवर गावातली दुकाने, धर्मशाळा, रिक्षा चालतात, आणि दुसऱ्याच्या देवघरातल्या भांडणावर तोरणाखाली हसू नये, एवढा पोच गावाला आहे. जुन्या वळणाच्या विनोदाचा हा गुण मी त्याच्या खात्यावर जमा धरतो. हाच विनोद फोनवर गेला की हा पोच पहिल्यांदा गळतो. तिथे समोर कोणी उभे नसते.

नावे टाकायचे कलम एकच, पण मोठे. झडतीला सून मिळाली की ती सैल सुटते. सुनेचा गाऊन, सुनेचा मोबाइल, सुनेला न येणारी भाकर. दरवर्षी तेच, त्यात ‘लाडकी बहीण’ आल्यापासून बँकेच्या रांगेतल्या बायकांची भर. जुलै २०२४ पासून महिन्याला १५०० रुपये, निवडणुकीत २१०० चे वचन. या पैशावर झालेल्या टिंगलीत ज्या नवऱ्याने ते पैसे त्याच दिवशी काढून घेतले तो कुठेच नसतो. म्हणजे इथे झडती घरातून जाते खरी, पण घरातल्या त्या एकीला गाठून थांबते, जिला तोरणाखाली उत्तर द्यायची सोय नाही. बैलाला ओवाळायला ती दारात उभी असते, हात वर करायला आखरावर नसते.

तिचे उत्तर दुसरीकडे आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत वऱ्हाडातल्या मुली-बायका भुलाबाईची गाणी म्हणतात. भुलाबाई म्हणजे पार्वती, भुलोजी म्हणजे शंकर. पोळ्यातला तोच फाटका कैलास, पण आता पार्वतीच्या तोंडून. सासू, नणंद, दीर, बावळट नवरा, सगळ्यांची त्यात हजेरी लागते, आणि शेवटी खिरापत ओळखायची. घरातल्या माणसाला नाव न घेता सोलायची कला या गाण्यांत झडतीपेक्षा कितीतरी सफाईची आहे. सासूसमोर म्हणायचे आणि सासूनेही टाळ्यांत हात मिसळायचा, हे काही सोपे काम नव्हे. या कलेला कमी काय, तर नवी बातमी. गाणी आजीकडून जशी आली तशीच चालली आहेत. त्यांत विहीर आहे, माहेरचा घोडा आहे, केवायसी नाही. पंधराशे रुपये खात्यात आले, सासूने विचारले, नवऱ्याने काढले, मोबाइलवर संदेश मात्र तिच्याच नावाने आला, याच्यावर आतापर्यंत भुलाबाईपुढे एखादे गाणे निघायला हवे होते. रचणाऱ्या बायका वऱ्हाडात कमी नाहीत. माझ्या ऐकण्यात अजून आलेले नाही.